पेटीच्या मोटरीची दोन घड्याळं

आमच्या तांबट आळीत कुणी हळू बोलत नसे. चार घरांतून सकाळपासून तांबं ठोकलं जायचं, त्यात हळू बोलून उपयोगच नव्हता. माझे वडील चाळिशी ओलांडायच्या आत बहिरे झाले. पण त्यांनी ते कुणापुढे कबूल केलं नाही. समोरच्याच्या ओठांकडे बघायचं, चार माणसं हसली की आपणही हसायचं, उत्तर देण्याआधी मिशीवरून हात फिरवून वेळ काढायचा, अशी त्यांनी वीस वर्षं काढली. आईला आणि मला सगळं ठाऊक होतं. तोंडावर बोलायची टाप नव्हती.

हे आधी सांगतो, कारण त्यामुळेच पुढची गोष्ट मला कळली. अख्ख्या गेवराईत ती दुसऱ्या कुणाला कळली नाही, याचा मला अजूनही तोरा आहे.

तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि गेवराईत मोटरी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. त्यातली एक आमच्या मालकांची. मालक म्हणजे आसपासच्या चार गावांत जमीन असलेले देशमुख. मी काही त्यांचा नोकर नव्हतो. त्यांच्या घरचे हंडे-घागरी आमच्या आळीतून जात, एवढाच संबंध. पण सगळं गाव त्यांना मालक म्हणायचं, म्हणून मीही म्हणायचो. मोटर त्यांनी जालन्याच्या एका व्यापाऱ्याकडून जुनी घेतली होती. पुढे दोन माणसांची बैठक आणि मागे लाकडी बंद पेटी. पेटीत मालकांनी दोन बाकं ठोकून घेतली आणि खिडक्यांना पडदे लावले. कागदावर ती व्हॅन होती, गावात पेटीची मोटर.

ती चालवायचे चाचा. हैदराबादेकडून आले, पंधरा वर्षांत गेवराईचेच झाले. बायको इथेच वारली, मूलबाळ नव्हतं. मोटरखान्याच्या कोपऱ्यात त्यांची बाज, बाजेखाली ट्रंक, एवढा त्यांचा संसार. पण इज्जत मोठी. चाचांचा कान म्हणजे गावात चेष्टेचा आणि कौतुकाचा विषय होता. बोनेट न उघडता, नुसतं ऐकून ते सांगायचे, अमुक ठिकाणी खोट आहे. बीडच्या मोटरवाल्यांनी एकदा त्यांना मुद्दाम बोलावून नेलं होतं. चाचा गेले, दोन मिनिटं मान तिरपी करून उभे राहिले, बोटानं जागा दाखवली आणि चहाही न घेता परत आले.

अशा माणसाच्या हातून एका उन्हाळ्यात इंजिन जळलं.

तेल कमी झालं, आतली बेअरिंगं घासली आणि पाडळसिंगीच्या अलीकडे मोटर गच्च होऊन थांबली. बैल लावून ओढत आणली. गावातून बैलांनी ओढलेली मोटर जाताना बघून मालकांचा चेहरा असा झाला होता, की कुणाची हसायची छाती झाली नाही. त्यांनी मोटरखान्यात चार माणसांसमोर चाचांना सुनावलं, "ये ड्रायव्हर, ह्या वक्ताला माफ केलं. फिरून इंजन जळालं तर मोटर जालन्याला विकून टाकीन, आन् तुमी तुमच्या वाटेला लागा." चाचा मान खाली घालून उभे होते. त्यांना वाट होती कुठे? हैदराबाद सुटून जमाना झाला होता.

दुरुस्तीला जालन्याहून एक म्हातारा मिस्त्री आला. बेअरिंगमध्ये कथलासारखा पांढरा धातू वितळवून ओततात. तापल्या धातूचं काम म्हटल्यावर त्यानं गावात तांबट शोधला आणि मी मोटरीच्या धंद्यात शिरलो. खरं सांगायचं तर आठवडाभर आधी ती मोटर आमच्या आळीवरून गेली, तेव्हा इंजिनात कुणी आतून टिचक्या मारतंय असा आवाज मी ऐकला होता. मनात म्हटलं, मला ऐकू आलं ते चाचांना येणार नाही होय! आणि हातोडी उचलून कामाला लागलो होतो.

मिस्त्रीबरोबर काम करताना तिसऱ्या दिवशी पळीतला धातू तडतडला. चाचा पाठमोरे उभे होते. मी बोंबललो, "चाचा, सरका!" ते हलले नाहीत. तापलेला थेंब त्यांच्या टाचेशेजारी पडला, जमीन करपली, तेव्हा वासानं वळून बघितलं. मग माझ्याकडे बघून, काय झालं ते न विचारता, हसले.

ते हसू मी ओळखलं. लहानपणापासून घरात बघत आलो होतो. त्यानंतर दोन दिवस मी त्यांच्यावर डोळा ठेवला. इंजिन चालू झालं की ते बोनेटवर तळवा ठेवायचे. मिस्त्री बोलला की त्याच्या ओठांकडे बघायचे. मिशी नव्हती, म्हणून दाढीवरून हात फिरवायचे. ज्या कानावर ह्या माणसाची भाकर होती, तो कान गेला होता, आणि मालकांनी सांगितलेला दिवस आज ना उद्या उगवणारच होता.

मी मिस्त्रीला आडून विचारलं, "आवाज न ऐकता इंजनाची तब्येत कळायला काई साधन हाय का?" म्हातारा म्हणाला, "हाय की. नव्या मोटरींना घड्याळं असतात. एक तेलाच्या दाबाचं, एक पाण्याच्या गरमीचं. काटा बघायचा, कान देऊन बसायची गरज न्हाई." औरंगाबादच्या छावणीत मोडीत निघालेल्या मोटरींची अशी घड्याळं मिळतात, हेही त्यानंच सांगितलं.

आता मालकांना पटवायचं होतं, आणि चाचांची झाकली मूठ उघडू द्यायची नव्हती. मी मालकांकडे गेलो आणि दडपून खोटं बोललो. म्हटलं, "मालक, तहसीलदारसायबांच्या मोटरीला दोन घड्याळं हायेत म्हनं." तहसीलदारांच्या मोटरीत मी उभ्या जन्मात डोकावलो नव्हतो.

मालकांनी विडा तोंडात धरला तो धरलाच. "आन् मग आपल्या मोटरीला कावून न्हाईत?"

"बसवता येतील की."

"तुला येतंय का?"

"तांब्याच्या नळीचंच तर काम हाय," मी म्हणालो. छाती अशी पुढे काढली, की मलाच वाटलं मी विलायतेहून आलोय.

श्रावण लागता लागता मिस्त्रीनं छावणीतून दोन घड्याळं पाठवली. काळ्या चेहऱ्याची, काचेची, वाटीएवढी. पाण्याच्या घड्याळाला जन्मापासून जोडलेली एक लांबलचक केसासारखी नळी होती आणि तिच्या टोकाला बोटाएवढी बोंडी. सोबत निरोप होता, की ही नळी कितीही लांब वाटली तरी कापू नको, आत दारूसारखं काहीतरी भरलेलं असतं, ते उडालं की घड्याळ मेलं. तेलाच्या घड्याळाची नळी मात्र आली नव्हती. ती माझी मीच करायची होती.

चाचांना हे कळलं आणि त्यांचा पारा चढला. मोटरखान्याच्या दारात आडवे उभे राहिले. "माझ्या कानावर भरोसा न्हाई काय रे तांबट? पंद्रा साल मी घड्याळ बघून चालवली का? हे दोन चुगलखोर माझ्या पुढ्यात बसवतोस?" मोठ्यानं बोलत होते. ऐकू न येणारी माणसं मोठ्यानंच बोलतात. मी त्यांच्या समोर, ओठ दिसतील असा उभा राहिलो आणि सावकाश म्हणालो, "चाचा, मालकाची हौस हाय. तुमी नगा बघू त्यांच्याकडं. नुसती राहू द्या." त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग दारातून बाजूला झाले.

त्या आठ दिवसांत मी जे काम केलं, तसं आयुष्यात फार थोड्या वेळा केलं असेल. इंजिनाच्या अंगाला, जिथून तेल दाबानं पुढे जातं, तिथे एक बूच होतं. ते काढून त्याला मधोमध भोक पाडलं, आटे पाडले आणि त्यात नळीचं तोंड बसवलं. रेडिएटरच्या वरच्या टाकीला पितळेची बुटकी वाटी डाग देऊन जोडली आणि त्यात पाण्याची बोंडी सोडली. त्याआधी ती बोंडी उकळत्या पाण्याच्या पातेल्यात बुडवून काटा कुठे जातो ते बघितलं आणि त्याच्या थोडं अलीकडे काचेवर लाल रोगणाची रेघ मारली. तेलाच्या घड्याळावर, इंजिन ठणठणीत असताना काटा जिथे राहतो त्याच्या बराच खाली दुसरी रेघ मारली. आकडे इंग्रजी होते. ते चाचांना वाचता येत नव्हते आणि मलाही. रेघ सगळ्यांना वाचता येते.

पाण्याची नळी फार लांब होती. कापायची नाही म्हटल्यावर तिची वेटोळी करून फळीखाली कोंबली. ते ध्यान बघून मला लाज वाटायची. पण तेलाची नळी! ती मी माझ्या हातानं ओढलेली होती. आमच्यात भांडं तयार झालं की मठारतात, म्हणजे हलक्या हातोडीनं अंगभर ठोकून त्याला कडक आणि चकचकीत करतात. मठारल्याशिवाय भांडं दुकानाबाहेर काढलं तर तांबटाची नाचक्की होते. मी ती नळी सळईवर घेऊन अशी मठारली, की छडीसारखी सरळ आणि ताठ झाली. इंजिनापासून घड्याळापर्यंत एकाच रेषेत, कुठे वाक नाही, कुठे झोल नाही. बोनेट उघडलं की आधी ती डोळ्यांत भरायची. दोन वेळा मी नुसतं बघण्यासाठी बोनेट उघडलं.

लोक घड्याळं बघायला आले. एकानं विचारलं, "किती वाजले म्हनावं?" मी म्हटलं, "तुझे बारा." मालकांनी तर येईल त्याला बोनेट उघडून दाखवायचा सपाटा लावला.

एक काटा खाली आला तर वाईट आणि दुसरा वर गेला तर वाईट, हे मालकांच्या डोक्यात बसेना. त्यांना दोन्ही काटे वर गेलेले आवडायचे. चाचांना मात्र मी काही शिकवलं नाही. शिकवायला गेलो असतो तर त्यांनी मला हाकलून दिलं असतं. मी फक्त ते गाडीत बसले असताना मालकांना समजावून सांगितलं, ओठ चाचांना दिसतील अशा बेतानं. चाचा समोरच्या काचेतून बाहेर बघत होते. पण महिनाभरानं मांजरसुंब्याच्या घाटात घड्याळं तपासायला म्हणून मी शेजारी बसलो होतो, तेव्हा अर्ध्या चढावर पाण्याचा काटा रेघेजवळ जायला लागला, आणि रेघेला शिवायच्या आत चाचांनी मोटर बाजूला घेतली. उतरले, बिडी पेटवली आणि म्हणाले, "थोडी हवा खाऊ." पाणी निवलं, काटा उतरला, बिडी संपली, आम्ही निघालो. त्या दिवशी मी घरी जाऊन आईला म्हणालो, मला आज लई भूक लागलीय. तिनं भाकरी वाढता वाढता विचारलं, एवढा खुशीत कावून? मी आणखी एक भाकरी मागितली.

मग दसरा आला. आदल्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी आमच्याकडे हत्यारं पुसून मांडतात, पूजा करतात आणि दसऱ्याची संध्याकाळ होईतो उचलत नाहीत. माझ्या हातोड्या, पकडी, कातर, सगळं देवापुढे. मालकांच्या घरी तलवार, बंदूक, नांगराचे फाळ आणि यंदा मोटरसुद्धा. पूजा करायला स्वतः बाईसाहेब, मालकांच्या पत्नी, मोटरखान्यात आल्या. एरवी त्या इकडे फिरकत नसत. त्यांनी बोनेटवर स्वस्तिक काढलं, चाकांना हळद-कुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला. मग पुढचा दरवाजा उघडून आत वाकल्या आणि म्हणाल्या, "हे मोटरीचे डोळे का?" कुणी तरी हो म्हटलं. बाईसाहेबांनी ओलं कुंकू घेऊन दोन्ही काचांवर अंगठ्यानं भरभरून मळवट भरला. वर हळद, वर अक्षता. मला तर भरून आलं. माझ्या हातच्या कामाला देशमुखांच्या घरच्या बाईनं कुंकू लावलं होतं! दुसरं काही माझ्या डोक्यात आलं नाही. चाचा बाजूला हात जोडून उभे होते.

दसऱ्याच्या दुपारी सोनं द्यायला चकलांब्याच्या रस्त्यावरच्या एका गावी जायचं होतं, बाईसाहेबांच्या माहेरी. पेटीत बाईसाहेब पडद्याआड, चाचांच्या शेजारी मालक. घड्याळांचा कारागीर म्हणून मिरवायला मालकांनी मलाही घेतलं, मी पेटीच्या दाराशी बसलो. सात-आठ मैल मोटर झकास चालली. मग एकदम वेग कमी झाला, एका बाभळीखाली चाचांनी ती उभी केली आणि इंजिन बंद केलं.

मालक पुढून ओरडले, "काय झालं? कावून थांबलात?"

चाचा उतरून मागे आले आणि पेटीच्या दारासमोर, पडद्यापुढे हात जोडून उभे राहिले. मीही उतरलो. त्यांचा चेहरा घामानं भिजला होता.

"बाईसाहेब," ते म्हणाले, "पायाला मोटर वेगळी लागतेय. तेलाचा काटा बघायला पायजे. काचेवर तुमचं कुंकू हाय."

मालक मागे आले होते. "मग पुसा की! त्यात काय इचारायचं?"

"सुवाशिणीच्या हातचं कुंकू मी कसं पुसू मालक? माझा हात धजत न्हाई. कालपासून पुसायला बघतोय."

मालक वैतागले. "अवो, मग नका बघू काटा! पंधरा वर्सं बघितला नव्हता ना? कानानं ऐका आन् चला. तिकडं माणसं वाट बघत्यात."

चाचांनी मालकांच्या ओठांकडे बघितलं. दाढीवर हात गेला नाही. सरळ म्हणाले, "तवा कान होते मालक. आता न्हाईत. दोन साल झाले, मला ऐकू येत न्हाई."

मला वाटलं, गेलं. सगळं गेलं. एवढी लपवाछपवी केली, एवढं खोटं बोललो आणि ह्या माणसानं आपल्याच तोंडानं आपली भाकर मालकांपुढे ठेवली. रागही आला. एका चिमटीभर कुंकवासाठी!

मालक काही बोलणार तोच पडदा सरकला आणि बाईसाहेब उतरल्या. पदर सावरत पुढच्या दरवाजाशी गेल्या. "ते मोटरीचं कुंकू हाय, माझ्या कपाळाचं न्हवं," त्या म्हणाल्या. तांब्यातल्या पाण्यानं पदराचं टोक ओलं करून त्यांनी दोन्ही काचा स्वतः पुसल्या. नवं लुगडं होतं, दसऱ्याचं. लाल करून टाकलं.

चाचा आपल्या जागेवर बसले. मी हँडल मारलं, पहिल्याच झटक्याला इंजिन लागलं. आवाज असा गोड, की काही बिघडलंय असं कुणी म्हटलं असतं तर मी पैज मारली असती. मी समाधानानं हँडल काढतोय तोवर इंजिन बंद! मी चिडून ओरडलो, "आवो चालू झालतं की, बंद कावून केलं?" चाचांना अर्थातच ऐकू आलं नाही. त्यांनी तेलाच्या काट्याकडे बोट केलं. काटा तळाला पडलेला होता. उठलाच नव्हता.

बोनेट उघडलं. माझी ती छडीसारखी सरळ, आरशासारखी नळी इंजिनापाशी चिरली होती. तिच्यातून तेल खाली गळत होतं. मी मागे रस्त्यावर गेलो. फुफाट्यात काळी रेघ फर्लांगभर मागून आलेली होती, त्याच्या पलीकडे नव्हती. म्हणजे नळी चिरली आणि फर्लांगभरात चाचांच्या पायाला ते कळलं होतं. आणखी मैलभर गेलो असतो तर इंजिन पुन्हा गच्च.

आणि खोट कुणाची? माझी. मठारलं की तांबं कडक होतं, आणि कडक तांबं सतत हादरलं की तडकतं, हे तांबटाच्या पोराला सांगावं लागतं का? भांडं चुलीवर गप बसतं. इंजिन गप बसत नाही. तिथे नळी भट्टीत लाल करून मऊ करायला हवी होती आणि मध्ये एक वेटोळं ठेवायला हवं होतं. जिच्या वेटोळ्यांची मला लाज वाटत होती, ती पाण्याची नळी शाबूत होती. मी माझ्या तोऱ्यापायी तेलाची नळी मठारली. भांड्याची अक्कल मोटरीला लावणारा गाढव दुसऱ्या कुठल्या आळीत जन्मला नसता.

मालकांचा राग आता उफाळला. "दोन साल! बहिऱ्याच्या हातात मोटर, आन् मागं घरची माणसं बसत्यात! गेल्या उन्हाळ्यात इंजन जळालं ते ह्यामुळंच ना?"

"हौ मालक," चाचा म्हणाले. त्यांनी एवढंच म्हटलं. काही सारवासारव केली नाही.

मग मला राहवलं नाही. मी मालकांसमोर उभा राहिलो. "मालक, शिव्या द्यायच्या तर मला द्या. नळी माझी तडकलीय. माझे कान चांगले हायेत, मी हँडल मारलं, मला काई कळलं न्हाई. तुमचे कान चांगले हायेत, तुमी पुढं बसलाव, तुमाला कळलं? आमी कानवाले दोघं असतो तर आज इंजन जळालंच असतं. ह्यांना पायानं कळलं आन् डोळ्यानं बघून खात्री केली. मोटर ह्यांनी वाचवली."

"तुला ठाऊक व्हतं?" मालकांनी विचारलं.

"इंजन खोललं तवापासून. घड्याळं त्यासाठीच बसवली. तहसीलदारसायबाच्या मोटरीचं मी खोटं बोललो."

मालक ती काळी रेघ बघत रस्त्यानं मागे चालत गेले, फर्लांगभर, आणि तसेच परत आले. चाचा दरवाजा धरून उभे होते. पंधरा वर्षांत मी त्यांना कधी कशाला धरून उभं राहिलेलं बघितलं नव्हतं.

माझी हत्यारं घरी देवापुढे होती. दोन दगडांत धरून मी नळीचं तोंड दुमडलं आणि ठेचून चपटं केलं. माझ्या सगळ्यात देखण्या कामाचा मी माझ्या हातानं चेंदामेंदा केला. जवळच्या वस्तीवरून करडईचं तेल आणलं आणि इंजिनात ओतलं. तिथवर पोचण्यापुरतं ते चालणार होतं. पण तेलाचं घड्याळ आता मुकं होतं. चालवणार कोण आणि कशाच्या जोरावर?

मालकांनी हातातला रुमाल झटकला आणि पुढच्या बैठकीवर, आपल्या जागेवर जाऊन बसले. मग मान बाहेर काढून, चाचांना ओठ दिसतील असं बघत म्हणाले, "चाचा, चला. मी कान देऊन बसतो. काई वेगळं वाजलं की खांद्याला हात लावीन."

इतकी वर्षं ते त्यांना 'ये ड्रायव्हर' म्हणत आले होते.

आम्ही पोचलो. पुढच्या चार दिवसांत मी नवी नळी केली, लाल करून मऊ, मध्ये तीन वेटोळी, ना चमक ना रुबाब. ती पुढे कधी तडकली नाही. दिवाळीच्या आधी मालकांचा कापूस विकायचा होता, म्हणून आम्ही जालन्याला गेलो. तिथे बाजारात मोटरी उभ्या राहतात, त्या जागी दुसऱ्या मोटरींचे ड्रायव्हर चाचांच्या भोवती जमले. त्यांच्या कानाची कीर्ती तिथवर होती. एकानं आपलं इंजिन चालू करून म्हटलं, "चाचा, जरा ऐकून सांगा, कुठं खोट हाय?"

मी मध्ये पडायला पुढे झालो. चाचांनी मला हातानं मागे सारलं आणि हसत, अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मैं बहरा हो गया रे बाबा! मला काई ऐकू येत न्हाई." चाचांनी मग पेटीच्या मोटरीचा दरवाजा उघडला, माझा दंड धरून मला पुढे ओढलं आणि दोन्ही काट्यांवर बोट ठेवून त्यांना सगळं समजावून सांगितलं, कुठला खाली आला की वाईट आणि कुठला वर गेला की वाईट. त्यांचं बोलणं संपेपर्यंत माझा दंड त्यांच्याच हातात होता, आणि मी इतका ताठ उभा होतो की माझी पाठ दुखायला लागली.